सूर्यवंशाचा शेवटचा राजा आणि पुराणांतली भाकितं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्षय्य तृतीयेला चिपळूणजवळच्या परशुराम देवस्थानात जन्मोत्सव असतो. त्या सुमारास हे प्रश्न यायला लागतात, श्रावणात घरोघर पोथी लागली की पुन्हा येतात आणि गणपतीला चाकरमानी गावी आले की तिसऱ्यांदा. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळी इथे एकत्र लिहिली आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. पुराणांत शेवटच्या राजाचं भाकीत आहे म्हणतात. ते नेमकं काय आहे?

विष्णुपुराणाच्या चौथ्या अंशात पराशर मैत्रेयाला राजवंश सांगतात. परीक्षितापर्यंतचं सगळं भूतकाळात आहे. परीक्षित 'सांप्रत' राज्य करतो आहे आणि तिथून पुढे क्रियापदं बदलतात: अमका होईल, त्याचा मुलगा तमका होईल. बाविसाव्या अध्यायात इक्ष्वाकूंची, म्हणजे रामाच्या सूर्यवंशाची, पुढची यादी येते आणि सुमित्र या नावाशी थांबते. श्लोक म्हणतो की इक्ष्वाकूंचा हा वंश 'सुमित्रान्त' होईल, कलियुगात त्या राजाशी येऊन संपेल. चंद्रवंशातल्या पौरवांबद्दल, म्हणजे पांडवांच्या वंशाबद्दल, जवळजवळ याच शब्दांचं वाक्य आहे. त्यांचा शेवटचा राजा क्षेमक. भागवतात हेच नवव्या स्कंधात, बाराव्या आणि बाविसाव्या अध्यायात सापडतं. मत्स्य, वायू आणि ब्रह्मांड पुराणांतही अशा याद्या आहेत.

धूमकेतू, रक्ताचा पाऊस, तलवार घेऊन उभा असलेला राजा यांतलं काही तिथे नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओत ते दिसलं असेल तर ती व्हिडिओवाल्याची भर.

२. हा सुमित्र कोण? त्याचा शेवट कसा झाला?

सुरथाच्या मागून आलेला राजा, यापलीकडे पुराण काही सांगत नाही. युद्ध नाही, शाप नाही, राणीचं नावही नाही. क्षेमकाचंही तसंच. मगधाच्या बार्हद्रथांचा शेवटचा राजा रिपुंजय मात्र वेगळा. त्याचा प्रधान त्याला मारतो आणि आपल्या मुलाला, प्रद्योताला, गादीवर बसवतो. म्हणजे सांगण्यासारखं काही हाताशी असलं की पुराणकार ते सांगतो. सुमित्राबद्दल त्याच्याकडे नावच तेवढं उरलं होतं, असं मला वाटतं.

३. शाळेत शिकलो होतो की रघुवंशातला शेवटचा राजा अग्निवर्ण. मग सुमित्र कुठून आला?

अग्निवर्ण हा कालिदासाच्या काव्यातला शेवटचा राजा आहे, वंशातला नव्हे. 'रघुवंश' एकोणिसाव्या सर्गात संपतं. विलासात बुडालेला अग्निवर्ण क्षयाने मरतो, त्याची गरोदर राणी मंत्र्यांच्या साहाय्याने राज्य हाती घेते आणि काव्य तिथेच थांबतं. पोटात वारस आहे, म्हणजे वंश चालू आहे. पुराणांच्या याद्यांत अग्निवर्णानंतर शीघ्र येतो आणि त्याचा मुलगा मरू. हा मरू लक्षात ठेवा, तो प्र. ९ मध्ये परत भेटणार आहे. पुढे बऱ्याच पिढ्यांनी बृहद्बल येतो. भारती युद्धात अभिमन्यूच्या हातून मेलेला कोसलचा राजा तो हाच. 'होईल' म्हणून सांगितलेले सगळे इक्ष्वाकू या बृहद्बलाचे वंशज, आणि सुमित्र त्यांच्या टोकाला.

४. ही भाकितं खरोखर आधी लिहिली, की घडून गेल्यावर?

घडून गेल्यावर. सगळ्यात जास्त रागावलेले निरोप या उत्तरावर येतात, म्हणून कारणं जरा सविस्तर सांगतो.

पहिलं कारण, 'आत्ता' कोण राज्य करतो आहे याबद्दल पुराणांचं एकमत नाही. विष्णुपुराणात आणि भागवतात तो परीक्षित आहे. मत्स्य आणि वायू पुराणांत पौरवांचा अधिसीमकृष्ण, इक्ष्वाकूंचा दिवाकर आणि मगधाचा सेनजित हे तिघे 'सांप्रत'चे राजे आहेत, म्हणजे परीक्षितानंतर काही पिढ्यांनी. भूत आणि भविष्य यांच्यामधली रेघ एका ग्रंथात इथे, तर दुसऱ्यात तिथे.

दुसरं कारण जास्त बोलकं आहे. याद्या नंद, मौर्य, शुंग, काण्व, आंध्र अशा नावानिशी खाली येतात आणि गुप्तांपाशी अडखळतात. गंगेकाठचा प्रदेश, प्रयाग, साकेत आणि मगध एवढं गुप्त भोगतील, असं वाक्य आहे. समुद्रगुप्ताने पुढे केवढं साम्राज्य उभं केलं त्याचा तिथे पत्ता नाही. त्यानंतर राजांची नावं आटतात आणि 'लोक अल्पायुषी होतील, राजे लोभी होतील' अशी सर्वसाधारण वर्णनं सुरू होतात. सांगणाऱ्याचं ज्ञान चौथ्या शतकाच्या आसपास कुठेतरी संपलं, हे त्यावरून कळतं. १९१३ साली एफ. ई. पार्जिटर यांनी कलियुगातल्या राजवंशांचे हे सगळे पुराणपाठ शेजारी शेजारी ठेवून छापले, तेव्हापासून हे उघड्या डोळ्यांना दिसतं.

जुन्या तारखेच्या स्टँप पेपरवर आज करार लिहावा, तसा हा प्रकार वाटेल. पण यात लबाडी होती असं मी म्हणणार नाही. पुराण सांगणारा पराशर किंवा (भागवतात) शुक आहे हे एकदा ठरलं, की त्याच्या काळानंतरची प्रत्येक गोष्ट भविष्यकाळातच सांगावी लागते. शुकाच्या तोंडी 'चंद्रगुप्त होऊन गेला' असं वाक्य घालता येत नाही.

५. म्हणजे याद्या खोट्या आहेत का?

नाहीत. भाकीत म्हणून त्यांना किंमत नाही, पण नोंद म्हणून भरपूर आहे.

आपल्या किनाऱ्यावरचंच उदाहरण घ्या. आंध्र म्हणजे सातवाहन राजांच्या यादीत 'यज्ञश्री होईल' असं येतं. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा आतल्या करंडकात यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं मिळालं. सोपारा म्हणजे महाभारतातलं शूर्पारक, समुद्राने परशुरामासाठी मोकळी करून दिलेली जागा. पुराणात ज्याचं नाव भविष्यकाळात आहे, त्याचं नाणं परशुरामभूमीच्या मातीत निघालं. यज्ञश्रीचा लेख कान्हेरीच्या लेण्यांतही आहे.

दुसरं उदाहरण पौरवांचं. निचक्षूच्या काळी गंगा हस्तिनापूर वाहून नेईल आणि तो कौशांबीला राहायला जाईल, असं पुराण सांगतं. १९५० ते १९५२ या काळात बी. बी. लाल यांनी हस्तिनापूरला उत्खनन केलं, त्यात मोठ्या पुराने वस्ती धुऊन गेल्याच्या खुणा मिळाल्या. लाल यांनी त्यांचा संबंध याच वाक्याशी जोडला. तो पूर निचक्षूच्याच वेळचा, हे मात्र मातीवरून सिद्ध होत नाही. एवढी फट ठेवूनच ते उदाहरण वापरावं.

सुमित्राचं नाणं नाही, शिलालेख नाही. त्याच्यापुरती यादी हाच एक साक्षीदार.

६. सूर्यवंशाच्या यादीत गौतम बुद्ध आहेत हे खरं का?

त्यांचं घराणं आहे. शाक्य, शुद्धोदन, राहुल अशी नावं ओळीने येतात. काही प्रतींत सिद्धार्थही आहे, काहींत राहुलाचं नाव ओळखू न येण्याइतकं बदललं आहे. लगेच पुढे प्रसेनजित येतो, जणू राहुलाचा वारस. बौद्ध ग्रंथांत प्रसेनजित कोसलचा राजा आणि बुद्धांचा समवयस्क आहे. सिद्धार्थ आणि राहुल दोघेही भिक्षू झाले, कोसलच्या गादीवर कोणीच बसलं नाही. कपिलवस्तूची आणि कोसलची अशा दोन शेजारच्या शाखा कुणीतरी एकाखाली एक लावून टाकल्या. याचा धागा थेट रत्नागिरीपर्यंत येतो, त्यासाठी प्र. १३ पाहा.

७. परशुरामाने एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली. मग क्षत्रियांचा शेवटचा राजा त्याआधीच नको का?

हा प्रश्न चिपळूण-गुहागरकडून हमखास येतो. उत्तर एकवीस या आकड्यातच आहे. पहिल्या वेळी सगळे संपले असते तर दुसरी वेळ आलीच नसती. दर वेळी कोणीतरी वाचत होतं. शांतिपर्वात वाचलेल्यांची हकीकत आहे. कुणाला पराशराने आश्रमात कामाला ठेवून वाढवलं, कुणाला ऋक्षवान पर्वतावर अस्वलांनी सांभाळलं. भागवताच्या नवव्या स्कंधात सूर्यवंशातल्या अश्मकाच्या मुलाची गोष्ट येते. बायकांनी त्याच्याभोवती कडं केलं आणि तो वाचला, म्हणून तो नारीकवच. निःक्षत्रिय पृथ्वीवर तोच क्षत्रियांचं मूळ झाला, म्हणून मूलक. दशरथ आणि राम त्याच्याच वंशात पुढे जन्मले.

आमच्याकडच्या कीर्तनांत परशुरामाने समुद्र हटवल्याची कथा रंगवून सांगतात. त्या कड्यातल्या बायका कुठल्या कीर्तनात भेटत नाहीत. वंश तर त्यांनीच राखला.

८. महापद्म नंदाला 'दुसरा परशुराम' म्हटलं आहे का?

हो, विष्णुपुराणात चौथ्या अंशाच्या चोविसाव्या अध्यायात. महानंदीचा शूद्र स्त्रीपासून झालेला हा मुलगा अतिलोभी, अतिबलवान, दुसऱ्या परशुरामासारखा सर्व क्षत्रियांचा अंत करणारा होईल आणि त्याच्यानंतर राजे शूद्र असतील, असं तिथे म्हटलं आहे. ऐक्ष्वाकू, पांचाल, कुरू अशा घराण्यांच्या पिढ्या मोजून झाल्यावर नंद येतो. त्यामुळे ही जुनी राज्यं मगधाने गिळली, असाच त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. वाक्यातली नाराजी जातीची आहे हेही लपत नाही. शेवटच्या क्षत्रिय राजाबद्दलचा गळा काढणारा सूर तिथून येतो, आणि तो कोणाचा सूर आहे हे वाचताना विसरू नये.

परीक्षितापासून नंदापर्यंत किती वर्षं, हे विचारू नका. प्रतींप्रमाणे १०१५, १०५०, १११५, १५०० असे आकडे मिळतात आणि प्रत्येकाचे वकील आहेत.

९. तो शेवटचो राजा परत येतलो काय?

सुमित्र येत नाही. त्याच्याच घराण्यातला, त्याच्या कितीतरी आधीचा मरू येतो.

वंश बुडेल असं सांगणारी हीच पुराणं एक बी बाजूला काढून ठेवतात. इक्ष्वाकूंचा मरू आणि पौरवांचा देवापी, शंतनूचा थोरला भाऊ, हे दोघे योगबलाने कलापग्रामात जिवंत आहेत. कलियुग संपलं की ते परत येतील आणि क्षत्रियवंश पुन्हा सुरू करतील, असं विष्णुपुराणात (४.२४) आणि भागवतात (१२.२) आहे. भागवतात कल्कीची कथा त्याच अध्यायात येते. शंभल गावात विष्णुयशाच्या घरी तो जन्मेल. पण कल्की राजवंश चालवायला येत नाही, ते काम या दोघांचं.

निवड चमत्कारिक आहे. देवापी गादीवर बसलाच नाही. महाभारतात त्याला त्वचेचा रोग असल्यामुळे प्रजेने आणि ब्राह्मणांनी त्याचा अभिषेक होऊ दिला नाही, तो वनात गेला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ९८व्या सूक्तात तो शंतनूसाठी पावसाची प्रार्थना करणारा पुरोहित आहे. ज्याला डावललं, त्यालाच पुढच्या युगासाठी राखून ठेवलं. मला या सगळ्या प्रकरणात सुमित्रापेक्षा देवापीच जास्त धरून ठेवतो.

१०. पण कधी? अमुक वर्षी कलियुग संपणार असे व्हिडिओ येतात.

घरातलं पंचांग काढा. शालिवाहन शकात ३१७९ मिळवले की कलियुगाची गत वर्षं येतात. शके १९४७ साठी ती ५१२६. कलियुग ४,३२,००० वर्षांचं, सुरुवात इ.स.पू. ३१०२. वजाबाकी करा, ४,२६,८७४ वर्षं उरतात. परंपरा मानायची तर तिचा हिशेबही मानावा. ग्रामदेवतेला कौल लावून विचारू का, असंही एकाने लिहिलं होतं. देव आधीच कुळाच्या वादांनी थकलेला असतो, त्याला यात ओढू नये.

११. कलापग्राम कोकणात आहे का?

नाही. पुराण पत्ता देत नाही, परंपरेचा रोख हिमालयाकडे आहे. गोंधळ परशुरामामुळे होतो. कल्किपुराणात कल्की विद्या शिकायला महेंद्र पर्वतावर परशुरामाकडे जातो, आणि चिपळूणजवळच्या देवस्थानाच्या डोंगराला आपण महेंद्रगिरीच म्हणतो. पूर्वेकडे ओडिशातही महेंद्रगिरी आहे आणि तिथले लोकही हीच कथा सांगतात.

१२. यादवांच्या नाशाचं भाकीत यात धरायचं का?

त्याची जात वेगळी. गांधारीचा शाप छत्तीस वर्षांनी फळतो, ऋषींच्या शापाने कृष्णाचा मुलगा सांब याच्या पोटातून मुसळ निघतं, आणि हे सगळं महाभारतातच घडून संपतं. तिथेही एक अंकुर उरतोच. कृष्णाचा पणतू वज्र वाचतो आणि अर्जुन त्याला इंद्रप्रस्थाला राज्य देतो.

१३. रत्नागिरीचा थिबा राजा हा सूर्यवंशाचा शेवटचा राजा, असं गाईडने सांगितलं. खरं का?

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. पुराणांत त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. पण गाईडचं बोलणं अगदी हवेतलंही नाही. ब्रह्मदेशाच्या बखरी तिथल्या राजांचा मूळपुरुष शाक्य कुळातल्या अभिराजाला मानतात आणि शाक्य हे इक्ष्वाकू, म्हणजे सूर्यवंशी (प्र. ६). त्या दाव्याप्रमाणे थिबा सूर्यवंशी ठरतो. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला पदच्युत केलं, १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. भाट्याच्या खाडीवर नजर टाकणाऱ्या राजवाड्यात तो १९१० मध्ये राहायला गेला आणि डिसेंबर १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. त्याची समाधी शहरात आहे. २०१२ च्या डिसेंबरमध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले.

शेवटचा राजा हवाच असेल तर सुमित्रापेक्षा हा बरा. याचं घर आहे, समाधी आहे, तारखा आहेत.

१४. कोकणातल्या एखाद्या राजघराण्याने आपण माणसांचे नाही, दिव्य वंशाचे आहोत असं म्हटलं आहे का?

शिलाहारांनी. ते आपल्याला विद्याधर जीमूतवाहनाचे वंशज म्हणवत. विद्याधर म्हणजे आकाशात फिरणारी, मंत्रविद्या जाणणारी अर्धदैवी जमात. शंखचूड नावाच्या नागाला वाचवण्यासाठी स्वतःला गरुडापुढे टाकणारा तो जीमूतवाहन. 'तगरपुरवराधीश्वर' (श्रेष्ठ अशा तगर नगराचा स्वामी) या बिरुदासोबत ताम्रपटांत हा वंश येतो आणि त्यांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड होता. दक्षिण कोकणच्या शाखेची वंशावळ आपल्याला खारेपाटणच्या ताम्रपटावरून कळते. तो रट्टराजाचा, शके ९३०चा. त्या शाखेतला त्याच्यानंतरचा राजा कोणत्या लेखात सापडत नाही.

उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार सोमेश्वर. तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव यादवाने त्याच्यावर स्वारी केली. हेमाद्रीची प्रशस्ती म्हणते की सोमेश्वर पोहण्यात पटाईत असूनही सैन्यासह समुद्रात बुडाला. जिंकणाऱ्याच्या पदरी असलेल्या माणसाने लिहिलेला हा टोमणा आहे, हे ध्यानात घ्या. बोरिवलीजवळ एकसरला गलबतांच्या लढाईचे वीरगळ आहेत. काही अभ्यासक त्यांचा संबंध याच लढाईशी लावतात.

यांच्याबद्दल भाकीत मात्र कुठेच नाही. प्रशस्ती लिहिणारे वंशाची सुरुवात सांगतात, शेवट कोण सांगणार?

१५. दशावतारात शेवटच्या राजाचं आख्यान पाहिलं होतं. ते कुठल्या पुराणात आहे?

बहुधा कुठल्याच नाही. दशावतारी मंडळी कथानक ठरवून घेतात आणि संवाद रंगमंचावर उभे राहून रचतात. कथा पुराणातल्या नावांवर उभी असते, पण प्रसंग त्यांचे. नाटक म्हणून पाहा, संदर्भ म्हणून देऊ नका.

१६. भविष्यपुराणात इंग्रजांचं राज्य आधीच लिहिलं आहे ना?

आहे, आणि ती भर अर्वाचीन आहे. मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्याने १८९७ साली छापलेल्या प्रतीत प्रतिसर्गपर्व नावाचा भाग आहे, त्यात हे येतं. कारण प्र. ४ मधलंच. जिथवर सांगणाऱ्याला ठाऊक होतं, तिथवर नावं अचूक.

१७. आम्ही सूर्यवंशी आहोत. वंश सुमित्राशी संपला तर आम्ही कोण?

श्लोक बृहद्बलापासून निघालेल्या कोसलच्या गादीबद्दल बोलतो. कुशाच्या, लवाच्या किंवा इतर भावंडांच्या सगळ्या शाखा संपल्या, असं त्यातून निघत नाही. पुढे दक्षिणेत चोळांनी आणि राजस्थानात मेवाडच्या सिसोदियांनी सूर्यवंशाचा दावा केला, त्यांना हा श्लोक आडवा आला नाही. तुमचा दावा खरा की खोटा हे मात्र पुराणावरून ठरणार नाही. कुळाचे कागद, इनामपत्रं, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या उपाध्यायांच्या वह्या यांत काय आहे ते आधी पाहा. त्यांतूनही काही पिढ्यांपलीकडे जाता येईल, अशी आशा धरू नका.

१८. घरात जुनी पोथी आहे, तिच्यात यापेक्षा वेगळं भाकीत आहे. काय करू? आणि ताम्रपट सापडला तर?

पोथी लॅमिनेट करू नका, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका. पावसाळ्यात ती भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळून, दोन फळ्यांमध्ये हलकी दाबून ठेवा. कोरड्या हवेत प्रत्येक पानाचा फोटो घ्या. शेवटचं पान आधी घ्या, कारण नकलकाराचं नाव आणि शक बहुधा तिथेच असतो. वेगळा पाठ असेल तर तो मोलाचा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. ज्यांच्या नावाने ते उभं आहे ते रा. गो. भांडारकर मूळचे मालवणचे. तिथे फोटो दाखवून विचारता येतं, पोथी देऊन टाकायची गरज नसते.

ताम्रपट जमिनीत सापडला तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. चिंच लावून घासू नका. अक्षरांच्या खोबणीतला हिरवा थर घासताना अक्षरंही जातात. आहे तसा ठेवा, फोटो काढा आणि जिल्हाधिकारी कचेरीत लेखी कळवून पोच घ्या.